कार्डावरची एक ओळ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

वंशसंहार रोखण्याचं आणि मानवी हक्क शिकवण्याचं काम पूर्णवेळ नोकरी म्हणून करणाऱ्यांवर मी जो लेख लिहिला, त्याखाली तुम्ही मोठी प्रतिक्रिया दिलीत. दोन ओळींत तिची बोळवण करणं बरं दिसलं नसतं, म्हणून सविस्तर लिहितो आहे. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : १९४८ साली जगाने वंशसंहार रोखण्याचा करार केला, तरी रवांडा झालं, बोस्नियातलं स्रेब्रेनित्सा झालं, रोहिंग्यांचे हाल झाले. मग हे लोक पगार कशाचा घेतात? दुसऱ्यांच्या मरणावर परिषदा भरवायच्या आणि अहवाल लिहायचे, याला काम म्हणायचं का? आणि शिक्षणाने माणूस सुधारतो म्हणाल, तर जर्मनी काय अडाण्यांचा देश होता?

तुमचा राग मला समजतो. त्यातला बराचसा मलाही येतो. पण पगाराचा मुद्दा मला अजिबात मान्य नाही, म्हणून आधी तोच घेतो.

वंशसंहार म्हणजे भडकलेल्या जमावाचा उद्रेक, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात त्यातलं कितीतरी काम टेबलाशी बसून झालेलं असतं. याद्या करायला कारकून लागतात. कंबोडियात तुओल स्लेंगच्या तुरुंगात आणलेल्या माणसांचे फोटो काढले जात, जबाब लिहून घेतले जात, कागद नीट जपून ठेवले जात. रवांडात आरटीएलएम हे रेडिओ केंद्र जुलै १९९३ मध्ये सुरू झालं. त्यावर लोकांच्या आवडीची गाणी लागत आणि गाण्यांच्या अधूनमधून अल्पसंख्य तुत्सी शेजाऱ्यांविरुद्ध विष पेरलं जाई. मारण्याची तयारी अशी शिस्तीत, माणसं नेमून होते. ती थांबवण्याची तयारी मात्र भल्या माणसांनी सुटीच्या दिवशी फुकट करावी, हे मला पटत नाही.

शिक्षकांच्या प्रशिक्षणात मी रवांडाच्या जुन्या ओळखपत्राची मोठी केलेली प्रत हातोहात फिरवतो. साधं कार्ड आहे. माणसाचा फोटो, आणि एका ओळीत छापलेले चार पर्याय : हुतू, तुत्सी, त्वा (हे तिथले तीन समाज), नागरिकत्व मिळालेला. आपला एक ठेवायचा, बाकीचे खोडायचे. ही नोंद बेल्जियमच्या राजवटीत, १९३० च्या दशकात सुरू झाली. देश स्वतंत्र झाला, राज्यकर्ते बदलले, ओळ तशीच राहिली. एप्रिल १९९४ मध्ये रस्त्यारस्त्यावर नाकी उभी राहिली तेव्हा नाक्यावरचा माणूस पहिल्यांदा कार्ड मागायचा. कुठला शब्द खोडलेला नाही, एवढंच त्याला बघायचं असे. सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली, बहुतेक तुत्सी.

प्रत हातात पडली की मारणारे कोण होते, हेच बहुतेक जण विचारतात. एकदा एका बाईंनी ती बराच वेळ निरखली आणि विचारलं, “सर, हे शब्द खोडले कुणी असतील?” मी तोवर त्या कारकुनाचा विचारच केला नव्हता. तो कदाचित कुणाचा द्वेष करणारा नसेलही. त्याच्यासमोर रांग असेल आणि त्याला दुपारपर्यंत ती संपवायची असेल.

आता तुमच्या ‘काय थांबवलं?’ या प्रश्नाशी ही गोष्ट जोडून बघा. रवांडाचं सरकार आणि बंडखोर यांच्यात झालेल्या ऑगस्ट १९९३ च्या अरुशा शांतता करारात सरकारी कागदपत्रांवरून वांशिक नोंद काढून टाकण्याची तरतूद होती. म्हणजे धोका ओळखून कुणीतरी ती ओळ वाटाघाटीच्या टेबलापर्यंत नेली होती. पण एप्रिल उजाडला तेव्हा लोकांच्या खिशात जुनीच कार्डं होती. नवी कार्डं छापणं, वाटणं, जुनी गोळा करणं हे रटाळ काम आहे. त्यावर कुणी बातमी करत नाही. कार्डं बदलली असती तर संहार टळला असता असा माझा दावा नाही, कारण गावात कोण कोणाचा हे शेजाऱ्याला कार्डाशिवायही ठाऊक होतं. पण नाक्यावरून काही अनोळखी माणसं तरी पुढे सरकली असती. प्रतिबंध म्हणतात तो मला असाच दिसतो. तो वेळेवर झाला तर वाचलेल्या माणसाला आपण वाचलो हेही कळत नाही.

इशारा मिळाला नव्हता, असंही नाही. संयुक्त राष्ट्रांच्या रवांडातल्या शांतिदलाचे सेनापती रोमियो दालेर यांनी ११ जानेवारी १९९४ ला न्यूयॉर्कच्या मुख्यालयाला तार केली : राजधानी किगालीतल्या तुत्सींच्या नोंदी करायचे हुकूम सुटले आहेत, शस्त्रांचे साठे आहेत. साठ्यावर छापा घालायची परवानगी त्यांना मिळाली नाही. उलट संहार चालू असताना, २१ एप्रिलला, सुरक्षा परिषदेने शांतिदल २७० माणसांवर आणायचं ठरवलं. इथे अपयश कळवणाऱ्याचं की ऐकणाऱ्याचं, तुम्हीच सांगा. आणि कळवलेलं कागदावर राहतं, त्यालाही अर्थ आहे. बोस्नियाच्या खटल्यात २००७ साली आंतरराष्ट्रीय न्यायालयाने स्पष्ट केलं की गंभीर धोका कळला, किंवा कळायला हवा होता, त्या क्षणापासून रोखण्याची जबाबदारी राष्ट्रावर येते. म्हणजे तुम्ही ज्याला नुसता अहवाल म्हणता, त्याची तारीख उद्या ‘आम्हाला माहीतच नव्हतं’ म्हणणाऱ्याच्या विरुद्ध उभी राहू शकते.

अहवाल सोडा, स्रेब्रेनित्सा घ्या. जुलै १९९५ मध्ये तिथे ८,००० हून अधिक मुस्लिम पुरुष आणि मुलगे मारले गेले. नंतर पुरावा लपवायला यंत्रांनी कबरी उकरून प्रेतं दुसरीकडे पुरली, त्यामुळे एकाच माणसाची हाडं वेगवेगळ्या ठिकाणी सापडली. नातेवाइकांचं रक्त घेऊन, डीएनए जुळवून, जवळपास ७,००० जणांची ओळख पटवली गेली. ती पटली की कुणीतरी आईसमोर बसून सांगायचं असतं की तुमचा मुलगा सापडला आहे, पण सगळा नाही. आता दफन करायचं, की आणखी काही सापडेपर्यंत थांबायचं, हे तिने ठरवायचं. समोर बसलेला माणूस पगारी असतो. तो असावाच, कारण हे काम वर्षानुवर्षं, हात थरथरू न देता, नोंद न चुकवता करावं लागतं.

जर्मनीचा मुद्दा तुमचा बिनतोड आहे. जानेवारी १९४२ मध्ये बर्लिनमधल्या वान्झेला ज्यूंच्या संहाराची व्यवस्था लावायला जे पंधरा जण जमले, त्यांतले आठ डॉक्टरेट मिळवलेले होते. मी तर पुढे जाऊन सांगतो, शाळासुद्धा या कामाला जुंपली जाते. रवांडाच्या वर्गांत हुतू मुलांनी उभं राहा, तुत्सींनी उभं राहा, अशी मोजणी होई. आपण हुतू की तुत्सी हे कित्येक मुलांना घरात नाही, तिथे कळलं. म्हणूनच मानवी हक्क शिक्षण म्हणजे जाहीरनाम्याची कलमं पाठ करून घेणं, असं मी मानत नाही. माझ्या लेखी त्याचा खरा विद्यार्थी तो कारकून, तो शिक्षक, तो हवालदार. त्याला हे शिकवायचं की अमुक रकाना कशाला हवा, हे वरच्याला विचारता येतं. आणि विचारायचं कसं, लेखी द्यायचं कुणाकडे, सोबत कुणाला घ्यायचं, हेही शिकवायचं, कारण एकट्याने विचारणाऱ्याचं काय होतं हे आपल्याला माहीत आहे.

परिषदांबद्दल मी वाद घालणार नाही. पाच कामं सोडून सहावी परिषद घेणारे लोक या क्षेत्रात आहेत, आणि ज्यांच्यावर बेतलं त्यांना व्यासपीठावर शेवटची दहा मिनिटं मिळतात. त्याची चीड मूळ लेखात यायला हवी होती, ती आली नाही.

आणखी एक. लेखात मी या लोकांना ‘संहार थांबवणारी माणसं’ म्हटलं होतं. तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर ते शब्द मला खोटे वाटले. आज सकाळी मी ते काढले आणि त्यांच्या जागी ‘आधीपासून नोंद ठेवणारी आणि वेळेवर विचारणारी माणसं’ असं लिहिलं आहे. हेही पटलं नाही तर जरूर कळवा.