चांदबिबी महालात चांदबिबी नाही, आणि हे मी सांगणारच

रात्रीचे साडेदहा वाजलेत. पाय ठणकतायत, उद्या पहाटे उठायचंय. पण आज लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही.

सकाळी एका शाळेची सहल होती. दोन बस, ८४ मुलं, आठवी-नववीची. पाथर्डी रोडनं शहा डोंगरावर नेली. मी नेहमीसारखी सगळ्यांना आधी तळघरापाशी उभी केली आणि सांगायला लागले, "या इमारतीला अख्खं नगर चांदबिबी महाल म्हणतं. पण हा महाल नाही आणि चांदबिबीचाही नाही. ही सलाबतखानाची कबर आहे." पोरं एकदम गप्प झाली. मला हीच वेळ सगळ्यात जास्त आवडते. आपल्याला आजवर सांगितलेलं काहीतरी वेगळंच निघालं की मुलं कान टवकारतात.

तेवढ्यात सोबतचे एक सर पुढं आले. "मॅडम, कशाला पोरांना गोंधळात टाकता? पत्रकात चांदबिबी महाल लिहिलंय. तिची गोष्ट सांगा, ग्रुप फोटो घेऊ आणि निघू. शनिशिंगणापूर गाठायचंय."

पोरांना गोंधळात टाकू नका म्हणे! चौदा-पंधरा वर्षांची मुलं. त्यांना एका इमारतीची दोन नावं झेपणार नाहीत? घरात त्यांना एक नाव, शाळेत दुसरं, मित्रांमध्ये तिसरं. तिथं नाही होत गोंधळ. गोंधळ मोठ्यांचा होतो, कारण मोठ्यांना पाच मिनिटांत उरकायचं असतं.

सर माणूस म्हणून वाईट नव्हते, हेही लिहिते. ८४ पोरं सांभाळायची, दोन ड्रायव्हरांची कटकट, पालकांचे फोन. वेळेचं त्यांचं बरोबर होतं. पण तेवढंच बरोबर होतं.

माझ्या भिंतीवरच्या बहुतेकांना माहितीये, तरी नवीन मंडळींसाठी सांगते. मी १४ वर्षं नगर दाखवते. कागदावर आता अहिल्यानगर झालंय, बोलताना आम्ही सगळे अजून नगरच म्हणतो. भुईकोट किल्ला, दमडी मशीद, अहमद निजामशाहाची कबर असलेला बागरोझा, फराहबाग, शहाशरीफ दर्गा आणि शेवटी हा डोंगर. आणि या १४ वर्षांत मला सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न कुठला, तर "नगरमध्ये बघण्यासारखं आहे तरी काय?" शिर्डीला जाता-येता मिसळ खायला थांबलेले लोक विचारतात, पुण्याचे नातेवाईक विचारतात. जन्म नगरात गेलेले लोकही विचारतात, त्याचं जास्त वाईट वाटतं.

असो. मला त्या आजींबद्दल लिहायचंय. सरांचं बोलणं ऐकलं आणि आज दिवसभर त्याच आठवत राहिल्या.

नऊ-दहा वर्षं झाली असतील. नवरात्र होतं. मोहटादेवीचं दर्शन करून परतणारं एक कुटुंब वाटेत डोंगरावर थांबलं. सून, नातू आणि नऊवारीतल्या आजी. मी दुसऱ्याच एका ग्रुपला माहिती सांगत होते, तर आजी हळूहळू सरकत माझ्या जवळ येऊन उभ्या राहिल्या. माझं "ही सलाबतखानाची कबर" हे वाक्य संपलं आणि त्यांनी खड्या आवाजात विचारलं, "मंग ती बाई गेली कुठं?"

१४ वर्षांत हा प्रश्न दुसऱ्या कुणी विचारलेला नाही. प्राध्यापक येऊन गेले, अधिकारी येऊन गेले, कॅमेरे घेऊन व्हिडिओवाले येऊन गेले. "मग ती गेली कुठं" हे त्या एकट्या बाईला विचारावंसं वाटलं.

मी ग्रुप बाजूला ठेवला आणि आजींना सगळं सांगितलं. ती इथलीच लेक. हुसेन निजामशाहाची मुलगी. ज्या हुसेनशाहानं आपला भुईकोट किल्ला दगडात बांधला, त्याची. विजापूरच्या अली आदिलशाहाला दिलेली. १५८० मध्ये नवरा गेला. सासरचं राज्य लहान पुतण्याच्या नावानं सांभाळलं आणि मग माहेरावर संकट आलं तेव्हा माहेरी उभी राहिली. अकबराचा मुलगा मुराद फौज घेऊन नगरच्या किल्ल्यावर आला. १५९५ संपत आलं होतं. मोगलांनी तटाखाली सुरुंग पेरले. काही आतल्यांनी शोधून निकामी केले, पण एक उडालाच आणि तटाला खिंडार पडलं. लोक पळायच्या बेतात होते. ही बाई चिलखत चढवून, चेहऱ्यावर बुरखा, हातात नागवी तलवार, त्या खिंडारात येऊन उभी राहिली. दिवसभर लढाई झाली आणि रातोरात भिंत पुन्हा उभी केली. मोगलांना वऱ्हाडावर समाधान मानून तह करावा लागला.

आजींनी विचारलं, "आन् मग?"

मग १६००. पुन्हा मोगल आले, या वेळी शहजादा दानियाल. आत फाटाफूट, लढायला माणसं एकदिलाची नाहीत. तिनं ओळखलं की किल्ला टिकायचा नाही, माणसं तरी वाचवावीत. बोलणी करावीत म्हणाली. तर तिच्याच एका सरदारानं ओरडून सांगितलं की बाई मोगलांना फितूर झाली. जमाव तिच्या महालात घुसला आणि तिला मारून टाकलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत किल्ला पडला. पाच वर्षांपूर्वी जिनं तट राखला, तिला तटाच्या आतल्यांनी मारलं. तिची कबर म्हणून दाखवायला माझ्याकडे नगरात जागा नाही, आजी.

आजी पायरीवर बसल्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "घरच्यांनीच मारली म्हण की."

हो म्हटलं.

"मंग ऱ्हाऊ दे की तिला हितं. त्या खानाला येवढं मोठं घर. त्यात एक बाई राहिली तर त्याचं काय जातंय?"

मला उत्तर सुचलं नाही. आजही सुचलेलं नाही.

आता काही जण म्हणतील, बघ, आजीसुद्धा तेच म्हणाल्या जे आज सर म्हणाले. चांदबिबी महालच म्हणू दे. नाही हो! जमीन-अस्मानाचा फरक आहे. आजींनी दोन्ही ऐकलं. आधी विचारलं, सगळं ऐकून घेतलं, दुःख मानलं आणि मग तिला तिथं जागा दिली. सरांना ऐकायचंच नव्हतं.

आणि सलाबतखानाची गोष्ट काय कमी आहे? मुर्तझा निजामशाहाचा हा मंत्री. राजा एकांतात राहायचा, माणसांत यायचा नाही, आणि इकडे हा राज्य चालवत होता. फराहबाग यानंच १५८३ मध्ये पुरा केला. पाण्याच्या मधोमध महाल! आज तिथं तलाव कोरडा आहे, पण उभं राहिलं की पाणी कुठपर्यंत असेल ते कळतं. या शहराला कापूरवाडी-शेंडीकडून जमिनीखालून खापरी नळांनी पाणी यायचं, चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वी. आज आपल्याकडे नळाला पाणी कधी येतं ते मी लिहीत नाही, नगरकरांना माहितीये. तर असा हा माणूस, आणि शेवटी त्याच राजानं त्याला कैदेत टाकलं. म्हणजे एका इमारतीत एक नाव खऱ्या मालकाचं, एक लोकांनी दिलेलं, आणि दोघांच्याही वाट्याला आपल्याच माणसांनी दिलेली शिक्षा. यात पोरांना गोंधळायला काय आहे? याच्यापेक्षा चांगली गोष्ट मी कुठून आणू?

आणखी एक लिहिते, कारण आता लिहायला बसलेच आहे. गेल्या काही वर्षांत एक नवीन प्रश्न यायला लागलाय. "मॅडम, हे आपल्यांचं का त्यांचं?" बागरोझात विचारतात, दमडी मशिदीत विचारतात. दमडी मशिदीवर काय नक्षी आहे! किल्ल्याच्या बांधकामावर राबणाऱ्या मजुरांनी एकेक दमडी काढून ती बांधली असं सांगतात. त्या नक्षीसमोर उभं राहून माणूस विचारतो, कुणाचं. नगरचं आहे, बाबा! मालोजीराजांनी शहाशरीफ पीरावरून पोरांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, तो दर्गा आपल्या गावात आहे. पुढं त्याच शहाजीराजांनी निजामशाही वाचवायला एका लहान मुलाला पेमगिरीला तख्तावर बसवलं. पेमगिरी संगमनेर तालुक्यात, आपल्याच जिल्ह्यात. आता यातलं काय कापून आपलं करायचं आणि काय त्यांचं? मला कात्री लावता येत नाही. मला अर्धं नगर दाखवता येत नाही.

कबूल आहे, सगळेच असे नसतात. पुष्कळ लोक ऐकून घेतात आणि जाताना हात जोडतात.

किल्ल्यात नेहरूंची खोली दाखवते तेव्हाही हेच. १९४२ च्या ऑगस्टमध्ये काँग्रेसच्या पुढाऱ्यांना इथं आणून कोंडलं. नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद, नरेंद्र देव, आपले शंकरराव देव. लोकांना नेहरूंनी इथं पुस्तक लिहिलं एवढं सांगितलं की पुरतं. पण १९४३ च्या एप्रिलमध्ये आझादांची बायको कलकत्त्यात वारली आणि ते या भिंतींच्या आत होते, हे मी सांगते. त्याला फार तर दीड मिनिट जास्त लागतं. तेवढ्यात कुणीतरी घड्याळ बघतं, आणि त्याच वेळी मागं उभी असलेली एखादी बाई डोळे पुसते. मी त्या बाईसाठी सांगते.

आता खरं सांगते. इतका वेळ सरांवर चिडलेय असं लिहीत होते, पण माझा राग सरांवर नाहीये.

सर "तिचीच गोष्ट सांगा" म्हणाले आणि मी सांगितली. फक्त तिचीच. सलाबतखानाचं नाव पुन्हा घेतलं नाही. खिंडार, तलवार, रातोरात भिंत, पोरांनी टाळ्या वाजवल्या. तिला आपल्याच लोकांनी मारलं, हेसुद्धा गाळलं मी. उगाच लांबेल म्हणून. ग्रुप फोटो झाला. सरांनी ठरलेले पैसे पूर्ण दिले, वर म्हणाले, "छान सांगता तुम्ही." बस उतरून गेल्या आणि मी तिथंच पायरीवर बसले. आजी बसल्या होत्या ती पायरी. १४ वर्षांत पहिल्यांदा मला माझ्या कामाचे पैसे घेताना लाज वाटली.

का गप्प बसले मी? कारण पुढच्या वर्षीची सहल हातची जाईल. पावसाळ्यात लोक येतात, दिवाळीत येतात, डिसेंबर-जानेवारीत सहली, बाकी वर्ष कोरडं. सहली गेल्या तर घर कशावर चालवायचं? हे कारण खरं आहे. पण ते आजींना सांगता आलं नसतं.

एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नव्हती. त्या दिवशी निघताना आजींनी पिशवीतून देवीच्या प्रसादातली झेंडूची फुलं काढली. दोन. वाकून उंबऱ्यावर ठेवली. एक तिच्यासाठी आणि एक त्याच्यासाठी, का दोन्ही तिच्यासाठी, मी विचारलं नाही. सून म्हणाली, "आत्या, चला, गाडी थांबलीये." आणि त्या गेल्या. नाव-गावही विचारलं नाही मी त्यांचं. बोलण्यावरून पाथर्डीकडच्या वाटल्या. आज असतील का, देव जाणे. तुमच्यापैकी कुणाला आपल्या आजीची ही आठवण ओळखीची वाटली तर मला सांगा. खरंच सांगा.

त्या शाळेला मी उद्या फोन करणार आहे. एका तासिकेचा वेळ द्या म्हणणार, पैसे नकोत. त्या ८४ पोरांना राहिलेली अर्धी गोष्ट सांगायचीये. सर हो म्हणतील का नाही, बघू. नाही म्हणाले तर मुख्याध्यापकांना भेटेन.

आणि रविवारी सकाळी साडेसहाला मी डोंगरावर आहे. ज्यांना यायचंय त्यांनी या, मुलांना आणा, म्हाताऱ्यांना तर आणाच. पायात नीट चपला घाला, पाण्याच्या बाटल्या घेऊन या. आधी तळघरापाशी थांबू, मग वर जाऊ. वरून किल्ला कुठं ते दाखवते, खिंडार पडलं त्याची पूर्ण गोष्ट सांगते, शेवटापर्यंत. येताना मी माळीवाड्यातून झेंडू घेऊन येणारे.