कोबोवर केओरीडर: मूळ सॉफ्टवेअर पुसलं जात नाही

कोबो या ई-बुक रीडरवर केओरीडर हे पुस्तकं वाचायचं वेगळं मोफत ॲप टाकता येतं. पण ‘केओरीडर टाकलं की कोबोचं मूळ सॉफ्टवेअर कायमचं जातं’ असा मेसेज फिरतोय. तसं होत नाही. केओरीडर ‘.adds’ (डॉट ॲड्स) या लपलेल्या फोल्डरमध्ये, मूळ सॉफ्टवेअरच्या शेजारी राहतं. बाहेर पडलात की नेहमीचं होम स्क्रीन परत. जेलब्रेक (कंपनीचं लॉक तोडणं) किंडलला लागतो, कोबोला नाही.

केओरीडर उघडायला कोबोच्या मेनूत बटण लागतं, ते निकेलमेनू हे छोटं ॲड-ऑन देतं. कोबो केबलने कॉम्प्युटरला जोडून निकेलमेनूची ‘कोबोरूट’ ही कॉम्प्रेस्ड फाइल न उघडता ‘.kobo’ (डॉट कोबो) फोल्डरमध्ये ठेवा (काही ब्राउझर ती परस्पर उघडतात, मग काहीच इन्स्टॉल होत नाही) आणि ‘इजेक्ट’ करूनच केबल काढा. रीस्टार्टनंतर ती फाइल दिसेनाशी होते, ते बरोबरच आहे. डीआरएमची (कॉपी रोखणारं डिजिटल कुलूप असलेली) पुस्तकं मात्र केओरीडरमध्ये उघडत नाहीत. जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका.