पोप फ्रान्सिस आणि समलिंगी लग्न : एक खुलासा

‘पोप फ्रान्सिस यांनी चर्चमध्ये समलिंगी लग्नांना परवानगी दिली होती,’ असा मेसेज आमच्या वसईच्या ग्रुपांवर पुन्हा फिरतोय. परवा मीही तो पुढे पाठवला. चूक झाली, माफ करा. नंतर ज्यावरून हा मेसेज निघाला, ते व्हॅटिकनचं मूळ घोषणापत्र वाचून काढलं.

१८ डिसेंबर २०२३ चं ते पत्र, ‘फिदुचिया सुप्लिकान्स’. विवाह म्हणजे एक पुरुष आणि एक स्त्री यांचं अतूट बंधन, ही शिकवण त्यात जशीच्या तशी आहे. नवीन आहे ते एवढंच : समलिंगी जोडप्याने आशीर्वाद मागितला तर धर्मगुरू देऊ शकतात. पण तो उपासनाविधी नव्हे. नागरी लग्नाच्या सोहळ्यात नाही, लग्नाच्या पोशाखात नाही. ४ जानेवारी २०२४ च्या खुलाशात व्हॅटिकनने उदाहरणच दिलं : यात्रेत कुणी फादरांपुढे येऊन उभं राहिलं, तर दहा-पंधरा सेकंदांची साधी प्रार्थना.

हेही लहान पाऊल नाही. कुणाला ते खटकलं, कुणाला धीर आला. मतभेद जरूर मांडा, पण जे लिहिलंय त्यावर. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका; पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.