बसला नाव ठेवताना घ्यायची काळजी

तुमच्याकडची बस किंवा लोकल वेळेवर येत असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही, आणि खरंच येत असेल तर कुठे राहता तेवढं कळवा, मी तिकडे खोली बघतो. बाकीच्यांनी जरा आत सरका.

तक्रार करून काही होत नाही हे एव्हाना कळलंच असेल. वहीत लिहा, ॲपवर लिहा, पाचपैकी एक स्टार द्या, "आपला अभिप्राय आमच्यासाठी अमूल्य आहे" हे उत्तर बसच्या आधी येतं. तेव्हा शहाण्या प्रवाशाने करायचं एकच, नाव ठेवायचं. मराठीत नाव ठेवणं आणि नावं ठेवणं यात एका अनुस्वाराचा फरक आहे आणि स्टॉपवर पाऊण तास उभं राहिलं की तोही पुसला जातो.

पण नाव विचार करून ठेवा हो. नवशिके लोक पहिल्याच रागात 'धूमकेतू' म्हणून मोकळे होतात. अरे, हॅलेचा धूमकेतू १९८६ ला येऊन गेला आणि परत २०६१ मध्ये येणार हे आत्ताच माहिती आहे, टाइमटेबल छापायला हरकत नाही इतकं पक्कं, आणि तुम्ही त्याची तुलना त्या साडेआठच्या गाडीशी करता? कुंभकर्णही चालत नाही, तो सहा महिने झोपला तरी ठरल्या वेळी उठायचा. अमावस्या तर कॅलेंडरवर छापून येते. गोगलगाय म्हणायचा मोह होईल, पण गोगलगाय निघते तरी. हे सगळे बिचारे वक्तशीर आहेत, त्यांची बदनामी करू नका.

दुसरा सोपा मार्ग म्हणजे आद्याक्षरांची फोड. कॅनडातल्या टोरांटोच्या टीटीसी या बस-मेट्रो सेवेचं तिथल्या लोकांनी 'टेक द कार' करून टाकलंय. हे कुणालाही जमतं, म्हणूनच मला त्याचं फार कौतुक नाही. खरं नाव कसं, ऐकल्याबरोबर घाम आणि धक्काबुक्की आठवली पाहिजे. लंडनमध्ये मेट्रोच्या नॉर्दर्न लाइनला 'मिझरी लाइन' म्हणायचे, म्हणजे सरळ दुःखरेषा, हस्तरेषावाल्यालासुद्धा सापडणार नाही अशी. तिथेच वॉटरलू अँड सिटी नावाची भुयारी लाइन १८९८ पासून आहे, तिचं टोपणनाव 'द ड्रेन', म्हणजे गटार, आणि रोज सकाळी सूटबूट घालून लोक त्यात उतरतात. क्युबातल्या हवानात नव्वदच्या दशकात ट्रकला जोडलेल्या दोन उंचवट्यांच्या अवाढव्य बस होत्या, त्यांना लोक 'कामेयो' म्हणजे उंट म्हणायचे, कमी पाण्यात जास्त ओझं. आणि तुर्कस्तानात शेअर गाडीचं नावच 'दोल्मुश', म्हणजे भरलेली. याला म्हणतात प्रामाणिकपणा.

आता मुख्य प्रकार, तो म्हणजे तासभर एकही नाही आणि मग दोन एकदम. याला नाव ठेवायच्या आधी तो होतो कसा ते समजून घ्या, नाहीतर तुम्ही उगाच ड्रायव्हरच्या आईवडिलांपर्यंत जाल. पुढची बस सिग्नलला दोन मिनिटं अडकते, तेवढ्यात पुढच्या स्टॉपवर चार माणसं जास्त जमतात, ती चढायला वेळ लागतो, म्हणून ती अजून लेट होते, म्हणून त्याच्या पुढच्या स्टॉपवर आठ जमतात आणि असं करत ती बस शेवटी दाराला माणसं लटकवून रांगायला लागते. मागच्या बसला मात्र स्टॉपवर कोणी सापडतच नाही, सगळे पुढचीत कोंबलेले, त्यामुळे ती रिकामी सुसाट येते आणि पुढचीच्या शेपटीला चिकटते. मग गंमत बघा. दर दहा मिनिटांनी बस असं बोर्डावर असतं, खरंच तशी आली तर तुम्ही कधीही जा, सरासरी पाच मिनिटं थांबाल. वीस मिनिटांनी दोन जोडीने आल्या तर सरासरी दहा. बस तेवढ्याच, डिझेल तेवढंच, तुमचं उभं राहणं डबल, आणि ऑफिसच्या कागदावर तासाला सहा गाड्या बरोब्बर. आमच्या स्टॉपवर या जोडीला 'सासू-सून' म्हणतात, एक लादलेली आणि एक मोकळी, कोण कुठली हे आपापल्या घरचा अनुभव बघून ठरवावं.

घोषणेसाठी वेगळं नाव शोधू नका, 'आकाशवाणी' पुरे. वरून येते, कुणाला कळत नाही आणि सहसा वाईटच असते.

ॲपवरच्या बसचं मात्र जरा कठीण आहे. दोन मिनिटं दिसते, एक मिनिट दिसते, मग "आली" दिसते, आणि समोर रस्ता मोकळा, एक कुत्रं तेवढं रस्ता ओलांडतंय. होतं असं की गाडीचा जीपीएस बोलत नसला तर काही ॲप सरळ टाइमटेबलमधली वेळ दाखवत बसतात, म्हणजे गाडी डेपोत पंक्चर असली तरी स्क्रीनवर धावतेच. इंग्रजीत हिला घोस्ट बस म्हणतात. आम्ही 'भूत' म्हणायला लागलो. "भूत गेलं का रे?" "आत्ताच गेलं, तू दिसला नाहीस." असे संवाद चालतात आणि नवीन माणूस जरा लांब जाऊन उभा राहतो.

एक धोका सांगून ठेवतो, नावात माया शिरू देऊ नका. आपल्या एसटीला लोक 'लाल डबा' म्हणायचे, मग कधीतरी तिची 'लालपरी' झाली, आणि परीवर कोण चिडणार? एकदा लाडकं नाव पडलं की गाडी दीड तास लेट असली तरी तुम्ही बाहेरच्या माणसासमोर तिची बाजू घेता.

नाव बरोबर बसलं की नाही हे कसं ओळखायचं? मागच्या महिन्यात मी वैतागून हेल्पलाइनला फोन लावला, नावगाव, रूट नंबर, स्टॉप सगळं नीट सभ्य भाषेत सांगितलं, ॲपवर गाडी येऊन गेलेली दिसतेय पण आलीच नाही म्हटलं. पलीकडचे साहेब जरा वेळ शांत, कीबोर्डचा आवाज, मग म्हणाले, "हां हां, भूत का? ते आज दोन ट्रिप बंद आहे."