मोमोए यामागुची कुणाच्या हातची बाहुली नव्हत्या

सत्तरच्या दशकातील जपानी गायिका आणि अभिनेत्री मोमोए यामागुची यांच्याविषयीचा एक मजकूर समाजमाध्यमांवर वरचेवर फिरताना दिसतो. शब्द थोडेफार बदलतात, आशय मात्र तोच राहतो. चौदाव्या वर्षी कंपनीने उचललेली ही मुलगी म्हणजे निव्वळ बाहुली होती आणि पुढ्यात येईल ते गाणे ती म्हणत गेली. अभिनयात देखणा सहनायक सोबत होता म्हणून निभावले. त्याच्याशी लग्न ठरताच त्याच्यापायी तिला एकविसाव्या वर्षी सगळे सोडावे लागले. आणि ऐन भरात नाहीशी झाली म्हणूनच तिचे नाव टिकले, असे त्यात सांगितलेले असते. मजकूर सहानुभूतीने लिहिल्यासारखा वाटतो, त्यामुळे तो चटकन पटतो. परंतु या सहानुभूतीच्या भरात एका कर्तबगार बाईचे स्वतःचे निर्णय तिच्या खात्यातून काढून इतरांच्या नावावर जमा केले जातात, आणि म्हणून त्याला सविस्तर उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

बाहुलीच्या आरोपात थोडे तथ्य आहे, ते आधी मान्य केले पाहिजे. १७ जानेवारी १९५९ रोजी तोक्योत जन्मलेल्या आणि योकोसुका या बंदराच्या गावी वाढलेल्या मोमोए डिसेंबर १९७२ मध्ये ‘स्टार तांजो’ या दूरचित्रवाणीवरील गायनस्पर्धेच्या अंतिम फेरीत दुसऱ्या आल्या. २१ मे १९७३ रोजी त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका बाजारात आली, पण तिला बेताचाच प्रतिसाद मिळाला. त्यानंतर निर्मात्यांनी धोरण बदलले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमधील ‘आओई काजित्सु’ आणि १९७४ मधील ‘हितो नात्सु नो केइकेन’ या गाण्यांत चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीच्या तोंडी उघड सूचक शब्द घातले गेले, आणि ते शब्द काझुया सेन्के या प्रौढ पुरुष गीतकाराचे होते. दुसऱ्या गाण्यात मुलगी आपल्याजवळची सर्वांत मोलाची गोष्ट प्रियकराला देऊ करते. ती गोष्ट कोणती, हे पत्रकार त्या शाळकरी मुलीला खोचकपणे विचारत, आणि मनाचा खरेपणा, एवढेच उत्तर देऊन ती त्यांची तोंडे बंद करी. हा प्रकार निखालस चुकीचा होता आणि त्याचे समर्थन कोणी करू नये. तथापि मोमोए यांची कारकीर्द साडेसात वर्षांची आहे. पहिल्या तीन वर्षांवरून सगळ्याच काळाचा निवाडा करणारा माणूस पुढचे काही ऐकतच नाही.

पुढे काय झाले ते तपशिलाने पाहू, कारण सगळा वाद इथेच मिटतो. ‘डाउन टाउन बूगी-वूगी बँड’ या रॉक वाद्यवृंदाचे प्रमुख र्‍यूदो उझाकी यांची चाल आपल्याला हवी, अशी इच्छा खुद्द मोमोए यांनीच व्यक्त केली होती. त्या वेळी त्या सतरा वर्षांच्याही नव्हत्या. आयडॉल, म्हणजे गोड प्रतिमेची किशोरवयीन तारका, म्हणून विकल्या जाणाऱ्या मुलीने रॉकवाल्यांकडे गाणे मागावे, हे कोणत्याही कंपनीच्या हिशेबात आपसूक बसणारे नव्हते. उझाकी यांनी चाल दिली, त्यांच्या पत्नी योको आकी यांनी शब्द लिहिले, आणि जून १९७६ मध्ये ‘योकोसुका स्टोरी’ आले. मोमोए यांच्या सर्वाधिक खपलेल्या गाण्यांत त्याची गणना होते. शब्द आता एका स्त्रीचे होते आणि गाव गायिकेचे स्वतःचे होते. गाण्यातली मुलगी काही देऊ करत नाही. हे सगळे आता एवढ्यावरच संपणार का, असे ती समोरच्याला पुन्हा पुन्हा विचारते.

या जोडप्याबरोबरचे काम अखेरपर्यंत चालले. मे १९७८ मधील ‘प्लेबॅक पार्ट २’ लक्ष देऊन ऐकण्याजोगे आहे. लाल पोर्श गाडी एकटीने हाकणारी एक बाई चौकात थांबते. शेजारच्या गाडीचा चालक, आपला आरसा तुझ्या गाडीने घासला, म्हणून तिच्यावर ओरडतो, आणि ती त्याला तिथल्या तिथे सुनावते. मग ‘जरा थांबा’ म्हणताच संगीत तुटते, क्षणभर पूर्ण शांतता पसरते आणि आदल्या रात्री प्रियकराशी झालेले भांडण तिला आठवते. ती शांतता तोलून धरणे हे काम सर्वस्वी गाणाऱ्या व्यक्तीचे असते; तिथे मोमोए आवाज चढवत नाहीत, खालच्या पट्टीत, जवळजवळ बोलल्यासारखे शब्द टाकतात. एनएचके या जपानच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेवर व्यापारी नावांना मज्जाव असल्यामुळे तिथे ‘पोर्श’च्या जागी नुसती ‘गाडी’ म्हणावी लागली, ही त्या गाण्याची प्रसिद्ध गोष्ट. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते हे, की १९७८ च्या ३१ डिसेंबरला एनएचकेच्याच वार्षिक ‘कोहाकु’ गीतस्पर्धेत स्त्रियांच्या संघातून शेवटी गाण्याचा मान एकोणीस वर्षांच्या मोमोए यांना मिळाला, आणि तो याच गाण्यासाठी.

याच सुमारास त्यांनी गायक-गीतकार मासाशी सादा यांचे ‘कॉसमॉस’ गायिले. दुसऱ्या दिवशी लग्न होऊन जाणारी मुलगी आईकडे पाहते आहे. अलीकडे हळवी झालेली आई अंगणात एकदा खोकते, ओसरीवर बसून जुन्या छायाचित्रांची वही उघडते आणि लहानपणीची तीच ती आठवण पुन्हा सांगते. गाण्यात एवढेच घडते. अठरा वर्षांच्या गायिकेने ते इतक्या संयमाने म्हणावे आणि वर्षभराच्या आत पोर्शवाल्या बाईलाही तितक्याच खात्रीने उभे करावे, ही क्षमता बाहुलीत कुठून येणार?

अभिनयाविषयीचे विधान अर्धवट माहितीवर उभे आहे. मजकुरातल्या त्या सहनायकासोबत, म्हणजे तोमोकाझु मिउरा यांच्यासोबत, मोमोए यांनी १२ चित्रपट केले आणि ती जोडी हा चित्रपट-व्यवसायाचा ठरवून चालवलेला साचा होता, हे खरेच. पण ‘आकाई’ दूरचित्रवाणी मालिकांतील १९७४ च्या ‘आकाई मेइरो’ आणि १९७६ च्या ‘आकाई उनमेइ’ या दोन मालिकांत त्यांचे नायक मिउरा नव्हते, तरीही त्या चालल्याच. चित्रपटांतल्या भूमिकाही एका छापाच्या नव्हत्या. १९७४ अखेरच्या ‘इझु नो ओदोरिको’मधील भोळी नर्तिका, १९७६ च्या ‘शुनकिनशो’मधील अंध आणि करारी संगीतशिक्षिका, आणि १९८० मध्ये दिग्दर्शक कोन इचिकावा यांच्या ‘कोतो’त क्योतोच्या किमोनो-व्यापाऱ्याच्या घरी वाढलेली एक व कितायामाच्या देवदार-वनातल्या कष्टकऱ्यांत वाढलेली दुसरी, अशा जुळ्या बहिणी. त्यांचे सगळेच चित्रपट उत्तम होते असे मी म्हणणार नाही. घाईने उरकलेलेही काही आहेत. परंतु ‘कोतो’त दोघी बहिणी एकमेकींसमोर येतात तेव्हा चालण्या-बसण्यातला फरक दाखवायला सहनायक मदतीला येत नाही.

आता लग्नाचा मुद्दा. मजकुरातले सर्वांत मोठे असत्य इथे आहे. आयडॉलने प्रेमप्रकरण लपवावे, हा त्या व्यवसायाचा अलिखित नियम होता. २० ऑक्टोबर १९७९ रोजी ओसाकामधील कार्यक्रमात, रंगमंचावरून, स्वतःच्या तोंडाने मोमोए यांनी मिउरा यांचे नाव घेऊन आपले त्यांच्यावर प्रेम असल्याचे सांगितले. ७ मार्च १९८० रोजी विवाह आणि निवृत्ती या दोन्ही गोष्टी जाहीर झाल्या. त्याच सप्टेंबरमध्ये ‘आओई तोकी’ हे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. कलाकारांची पुस्तके दुसऱ्याकडून लिहून घेण्याची रीत असताना त्यांनी ते स्वतः लिहिले आणि त्याच्या दहा लाखांवर प्रती खपल्या. त्यात निवृत्तीचा निर्णय आपला असल्याचे त्या सांगतात. एवढेच नव्हे, तर वडिलांचे दुसरे कुटुंब असल्यामुळे आईने आपल्याला आणि बहिणीला एकटीने कसे वाढवले, स्त्री म्हणून शरीरसंबंधाकडे आपण कसे पाहतो, एका बदनामीच्या खटल्यात न्यायालयात उभे राहणे कसे होते, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता मांडले आहे. घर हवे, ही ओढ त्या बालपणातून आली असणे स्वाभाविक आहे. त्या काळच्या जपानी समाजात विवाहित स्त्रीने घरी राहावे अशी अपेक्षा होती आणि तिचा दाब त्यांच्यावरही असणार, हे मी नाकारत नाही. मात्र समाजाचा दाब असणे वेगळे आणि नवऱ्याने सोडायला लावणे वेगळे. आपल्या जन्माची कहाणी लाखो वाचकांसमोर निर्भीडपणे मांडणारी स्त्री एवढ्या एकाच बाबतीत गप्प बसवली गेली, असे मानायला आधार लागतो, आणि तो मजकूर लिहिणाऱ्याने कुठेही दिलेला नाही.

राहिली नाव टिकण्याची गोष्ट. निवृत्तीपूर्वीच सत्तरच्या दशकात जपानमध्ये एकेरी ध्वनिमुद्रिकांचा सर्वाधिक एकूण खप मोमोए यांच्या नावावर होता. कीर्तीचे कारण म्हणून अचानक जाण्याकडे बोट दाखवण्याची गरजच उरत नाही. ५ ऑक्टोबर १९८० रोजी तोक्योच्या बुदोकान सभागृहात ‘सायोनारा नो मुकोगावा’ गाऊन त्यांनी पांढरा मायक्रोफोन रंगमंचावर ठेवला, ते दृश्य लोकांच्या मनात ठसले हे निर्विवाद. पण १९८३ मध्ये हाँगकाँगच्या लेस्ली च्युंग यांनी त्याच गाण्याची चाल घेऊन कँटोनीज गाणे गायिले आणि तिथल्याच गायिका अनिता मुई यांनीही मोमोए यांची गाणी आपल्या भाषेत आणली, ती चालींसाठी आणली. १९८४ मध्ये मोमोए यांची ‘आकाई गिवाकु’ ही मालिका चीनमध्ये दाखवली गेली, तेव्हा रक्ताच्या कर्करोगाशी झुंजणाऱ्या मालिकेतल्या मुलीसाठी घराघरांत लोक रडले. बुदोकानचा निरोप त्यांच्यापैकी बहुतेकांनी पाहिलेलाही नव्हता. मे २०२० मध्ये त्यांची सुमारे ६०० गाणी इंटरनेटवर ऐकण्यासाठी खुली झाली, त्यामुळे कुणालाही खातरजमा करता येईल.

‘नाहीशी झाली’ हेही चूकच. त्या रंगमंचावर परतल्या नाहीत, दोन मुलगे वाढवले, अनेक वर्षे गोधडीकाम शिकल्या, आणि २०१९ मध्ये मोमोए मिउरा या नावाने आपल्या गोधड्यांचे पुस्तक काढले. हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांनी आधी ‘योकोसुका स्टोरी’ कोणाच्या इच्छेने जन्माला आले आणि निवृत्तीविषयी मोमोए यांनी स्वतः काय लिहिले, या दोन गोष्टी त्यात घालाव्यात. त्या घातल्यावर ‘बाहुली’ आणि ‘सोडावे लागले’ हे शब्द काढून टाकण्यावाचून त्यांना गत्यंतर राहणार नाही.