केबल पुढून की मागून? प्रतिक्रियेला उत्तर

दादा, प्रतिक्रिया वाचली, राग वगैरे अजिबात नाही, उलट रात्रीच पार्किंगमध्ये जाऊन सायकलचा हँडलबार परत बघून आलो. तुमचं म्हणणं असं की गिअरची केबल बार टेपखाली (हँडलवर गुंडाळतात ती पट्टी) हँडलच्या पुढच्या बाजूनेच घ्या असं मी आधीच्या पोस्टमध्ये ठोकून दिलंय, त्याने शिफ्टिंग जड होतं, आणि त्यापेक्षा जुन्या शिमानोच्या (गिअर-ब्रेक बनवणारी जपानी कंपनी) बाहेर लोंबणाऱ्या केबलच बऱ्या होत्या.

अर्धं मान्य. टेपखाली घातली की वळणं वाढतात, तार घासते. १९९० ला शिमानोच्या ड्युरा-एस या सर्वात वरच्या सेटचे एसटीआय, म्हणजे ब्रेक आणि गिअर एकातच असलेले लिव्हर, आले तेव्हापासून बरीच वर्षं शिमानोने ती कपडे वाळत घालायची दोरी बाहेरच ठेवली, तिकडे कॅम्पाग्नोलो ही इटालियन कंपनी १९९२ पासून टेपखाली. मग ड्युरा-एसच्या ७९०० सिरीजला शिमानोपण आत शिरलं आणि शिफ्टिंग जड झालं म्हणून तेव्हाही लोकांनी बोंब मारलीच.

पण भांडण पुढून-मागून नाहीये हो, लिव्हरमधून बाहेर पडल्यावरच्या पहिल्या तीन-चार इंचांचं आहे. माझा बार छोट्या रेडियसचा, मागून घेतली की हुडच्या (लिव्हरचा हात ठेवायचा रबरी भाग) तोंडाशीच मुरडते, पुढून मोकळं वळण मिळतं. तुमच्या बारवर उलटंही होईल. शिवाय ब्रेकची केबल पुढे असतेच, दोन्ही पुढे घेतल्या की पकड जाडी होते, हे मी लिहायला हवं होतं. खात्री करायची तर टेप गुंडाळायच्या आधी आउटर (तारेवरचं बाहेरचं आवरण) इलेक्ट्रिकल टेपने दोन-तीन जागी बांधा, तार दोन्ही टोकांना धरून मागेपुढे ओढून बघा, अडखळली तर वळण बदला, टेप लावून झाल्यावर कळलं तर पुन्हा सगळी उस्तवार.

तार तुटते म्हणालात ती मात्र राउटिंगमुळे नाही, लिव्हरच्या आत तारेच्या टोकाच्या बोंडाजवळ पिळून पिळून तुटते. माझी काढली तेव्हा तीन धागे काट्यासारखे उभे होते, एक बोटात घुसला. मागचा गिअर नीट बसेना झाला की आधी तिथेच बघायचं.

आणि हो, माझ्या पोस्टच्या फोटोतली उजवी केबल आखूड आहे, बरोबर पकडलंत. हँडल पूर्ण डावीकडे वळवलं की ताणते, मी हँडल सरळ ठेवूनच कापली, गाढवपणा. रविवारी टेप सोडतोय. घरी ब्रेकचा ५ एमएमचा आउटर पडलाय पण तो स्प्रिंगसारखा दबतो, गिअर जागेवर बसत नाही, म्हणून ४ एमएमचा गिअरचाच आणलाय. तुमचा बार कुठला ते सांगा.