पट्ट्याजवळ गाडी कशी लावावी

राजेहो, गाडी घेतली, लिंबू-मिरची लटकवली, आता लावायची कुठे एवढंच उरलं. तालुक्याच्या रोडवर, जिल्हा परिषदेच्या शाळेसमोर झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे मारलेत ते उगाच का? जागा आखून दिली आहे. बाजूलाच पानठेला. खर्रा घोटून होईस्तोवर दोन मिनिटं लागतात, अन् दोन मिनिटांच्या उभं राहण्याला पार्किंग म्हणत नाहीत.

अगदी पट्ट्यावर लावायला मन धजत नसेल (असतात काही भिडस्त), तर अलीकडे लावा, बंपर पट्ट्याला टेकेल असं. खरं कसब तिथंच आहे. पट्ट्यावरच्या गाडीला निदान लोक शिव्या घालतात. अलीकडच्या गाडीला कुणी हूं की चूं करत नाही, अन् काम तेच होतं. बोलेरो असली तर उत्तम. तिसरीतलं पोरगं दप्तरासकट तिच्याआड असं दडतं की येणाऱ्या ट्रकवाल्याला त्याचा केससुद्धा दिसत नाही. पोरालाही ट्रक दिसत नाही. मग ते बोनेटला हात टेकवून मान पुढे काढतं, मानेमागून एक पाय. ताशी 40 नं येणारी गाडी एका सेकंदात 11 मीटर कापते. ब्रेकवर पाय जाईपर्यंत ती पट्टा ओलांडून गेलेली असते.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाला हे कसब पाहवलं नाही. त्यांनी 2023 मध्ये कायदाच केला : क्रॉसिंगच्या अलीकडे 20 फूट गाडी लावायची नाही. 2025 पासून दंडही सुरू. 20 फूट! आपल्याकडे तेवढ्यात बैलांसकट बंडी उभी राहते. इतकी जागा नुसती दिसावं म्हणून रिकामी ठेवायची? जमीन काय फुकट आली?

तसा कायदा आपल्याकडेही आहे. मोटार वाहन कायदा 1988, कलम 122 : दुसऱ्याला धोका किंवा अडथळा होईल अशी गाडी उभी करू नये. कुणी ते दाखवलंच, तर चारही इंडिकेटर चालू करा. इंडिकेटर लुकलुकायला लागले की कायद्याला गाडी दिसत नाही.

कापसाच्या दिवसांत मात्र बोलेरोवर समाधान मानू नका. जिनिंगकडे निघालेली, दोन्ही अंगांनी फुगलेली ट्रॉली शाळा सुटायच्या वेळी उभी करा. एका ट्रॉलीआड अख्खी चौथी मावते.

ताडोब्यात पट्टेवाला आडवा आला की जिप्सीवाला श्वास रोखून लांब थांबतो. इथल्या पट्ट्यांना दात नाहीत, तेव्हा बिनधास्त राहा.

अन् नातवाला घ्यायला आलेली एखादी आजी काच ठोकून म्हणालीच, "गाडी थोडी सरकव ना बापू, रोड दिसून नाही राह्यला," तर प्रेमानं सांगा, "दोनच मिनिटं, आजी." मग ठेलेवाल्याला हाक मारा, सुपारी जरा बारीक कर म्हणावं.